वय संपलेल्या परीक्षार्थींना बाहेर पडायची वाट द्या : मुख्यमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. मंत्री, कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता विभाग
प्रत माहितीसाठी : मा. अध्यक्ष व सदस्य, महाराष्ट्र लोकसेवा आयोग

महोदय,

मी परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यातली, शेतकऱ्याची मुलगी. पदवीनंतर पुण्याला गेले, नवी पेठेत कॉट बेसिसवर राहून लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा आणि संयुक्त गट-ब या सरकारी नोकरीच्या परीक्षांची तयारी केली. पूर्व परीक्षा पास झाले, मुख्य परीक्षा दिली, अंतिम यादीत नाव आलं नाही. पुढे खुल्या प्रवर्गाची ३८ वर्षांची मर्यादा ओलांडली आणि मी गावी परतले. निवड झाली नाही याबद्दल माझं काहीही म्हणणं नाही. जागा थोड्या होत्या, माझ्यापेक्षा जास्त गुण मिळवणाऱ्यांना त्या मिळाल्या. त्यातल्या दोघी माझ्याच खोलीत राहायच्या. आज त्या चांगलं काम करतायत, मला त्यांचा अभिमान आहे.

माझं म्हणणं त्यानंतरच्या काळाबद्दल आहे.

मध्यंतरी माझ्या मागून तयारीला लागलेल्या मुलांनी एक निवेदन तयार केलं. वयोमर्यादेत आणखी सवलत द्या, अशी त्यात मागणी होती. माझीही सही मागितली. मी सही केली नाही. मुलं नाराज झाली. ‘ताई, तुम्ही तरी आमच्या बाजूने उभं राहायला हवं होतं,’ असं एकीने फोनवर म्हटलं. मी त्यांच्याच बाजूने आहे, म्हणून सही न करता हे पत्र लिहितेय आणि सगळ्यांना वाचता यावं म्हणून जाहीरपणे लिहितेय.

२०१६ साली शासनाने नोकरभरतीची कमाल वयोमर्यादा ३३ वरून ३८ केली, मागास प्रवर्गासाठी ३८ वरून ४३. आम्ही तेव्हा पेढे वाटले होते. करोनाने परीक्षा रखडल्या, मुलं रस्त्यावर उतरली, तेव्हा मार्च २०२३ मध्ये आणखी दोन वर्षांची सवलत मिळाली, त्या वर्षाच्या डिसेंबरअखेरपर्यंतच्या जाहिरातींसाठी. दर वेळी हेच घडतं. परीक्षा लांबते, आंदोलन होतं, सवलत मिळते, सगळे शांत होतात. सवलतीचं वर्ष संपलं की तीच मुलं दोन वर्षांनी मोठी होऊन त्याच जागी उभी असतात. घरी मध्ये एका बहिणीचं लग्न झालेलं असतं, बापाचा गुडघा गेलेला असतो, शेताचा एखादा तुकडा गहाण पडलेला असतो. सवलत देणं सरकारला सोपं आहे, त्यात पैसा लागत नाही. पण जे वय वाढवून दिलं जातं, ते मुलांच्या आयुष्यातून जातं. सवलत मागणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांच्यापुढे मागण्यासारखं दुसरं काही ठेवलेलंच नाही, म्हणून ते तेवढंच मागतात.

आता मला जे खटकतं ते सांगते.

सगळ्यात आधी वयाचा हिशोब. हेच राज्य मला ३८व्या वर्षापर्यंत परीक्षेला बसू देतं. मागास प्रवर्गातल्या माझ्या मैत्रिणीला ४३ पर्यंत. पण २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत वयाची अट आहे १८ ते ३५. कार्यालयात किंवा कंपनीत प्रत्यक्ष काम शिकायचं आणि पदवीधराला महिन्याला १०,००० रुपये विद्यावेतन मिळायचं, अशी ही योजना. काम शिकण्याची सगळ्यात जास्त गरज कुणाला आहे? ज्याच्या अर्जातला अनुभवाचा रकाना पंधरा वर्षं कोरा राहिलाय त्याला. तो रकाना कोरा राहिला, कारण राज्याने ३८ पर्यंत अभ्यास करायची मुभा दिली होती. त्या मुभेचा पुरता वापर केलेला माणूस शिकायला आला की हेच राज्य सांगतं, तुझं वय तीन वर्षांपूर्वीच संपलं. एका विभागाने काढलेला वयाचा आकडा दुसऱ्या विभागाने बघितलेलाच नाही, एवढाच अर्थ मला यातून लागतो. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात ४५ पर्यंत वय चालतं हे मला माहीत आहे. पण तो उद्योग काढणाऱ्यासाठी आहे. त्यात स्वतःचा हिस्सा घालावा लागतो, कर्ज बँकेकडून घ्यावं लागतं. इतकी वर्षं घरून येणाऱ्या पैशांवर जगलेल्या माणसाला बँक दारात तरी किती वेळ उभी करील?

दुसरी गोष्ट तारखांची, आणि हिच्याबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण बाहेरच्या लोकांना हीच सगळ्यात कमी समजते.

आमच्याबद्दल नेहमी म्हटलं जातं की या मुलांना सुटतच नाही, हट्टी आहेत, वेळीच बाहेर पडायला हवं होतं. नातेवाईक म्हणतात, वर्तमानपत्रांत लिहून येतं, अधिकारी झालेले लोकही व्याख्यानांत हेच सांगतात. त्यांनी एकदा २०२०ची राज्यसेवा पूर्व परीक्षा आठवावी. ती व्हायची होती ५ एप्रिल २०२० ला. करोना आला, पुढे गेली, ते सगळ्यांनी समजून घेतलं. मग ऑक्टोबर, मग १४ मार्च २०२१. त्या परीक्षेला तीनच दिवस उरले असताना ती पुन्हा पुढे ढकलल्याचं जाहीर झालं आणि पुण्यातला शास्त्री रस्ता मुलांनी भरून गेला. शेवटी परीक्षा झाली २१ मार्चला. जवळजवळ वर्षभर एक माणूस ‘परीक्षा आता महिन्यावर आलीय’ या अवस्थेत राहिला. अशा अवस्थेत कोण नोकरी शोधेल? कोण गावी जाऊन दुकान टाकेल? गेला आणि पंधरा दिवसांत तारीख लागली तर?

२०२४ मध्ये करोना नव्हता. तरीही २८ एप्रिलची पूर्व परीक्षा १ डिसेंबरला झाली. मध्ये २५ ऑगस्ट ही तारीख होती. त्याच दिवशी बँकांच्या भरतीची आयबीपीएसची परीक्षा आली, कृषी सेवेच्या जागाही आयोगाच्या या परीक्षेत घ्या अशी मागणी होती, पुण्यात पुन्हा आंदोलन झालं. बँकेची परीक्षा देणारी मुलंमुली कोण होती हे कुणी विचारलं का? आम्हाला ज्या पर्यायी वाटेने जा म्हणून सांगितलं जातं, त्याच वाटेवर पाय टाकू पाहणारी ती मुलं होती. आणि दोन्ही परीक्षा एका दिवशी.

तारीख अनिश्चित असली की माणूस थांबतो. जाहिरात पुढच्या महिन्यात येणार, अशी कुजबुज अभ्यासिकेत कायम असते. त्या एका वाक्यावर माझ्या ओळखीतल्या माणसांनी शाळेतल्या नोकऱ्या सोडल्या, ठरलेली लग्नं लांबवली, खोलीचं भाडं आणखी सहा महिने भरलं. वेळापत्रक पक्कं असेल तर माणूस स्वतःच ठरवतो की अमुक परीक्षा शेवटची, त्यानंतर दुसरं काम. आम्हाला हे ठरवता आलं नाही. शेवटची परीक्षा कधी होणार हेच ठाऊक नव्हतं.

परीक्षेचं स्वरूप बदललं त्याचंही असंच. नऊ पेपरची वर्णनात्मक मुख्य परीक्षा आणणं मला स्वतःला पटतं. पर्यायांच्या गोलांपेक्षा लेखी उत्तरातून माणसाचा विचार जास्त कळतो. पण २०२३ मध्ये ती लागू होणार म्हणून पुण्यात आंदोलन झालं आणि मग ती २०२५ वर गेली. या दोन वर्षांत जे ३६-३७ वर्षांचे होते त्यांनी कुठली तयारी करायची होती? बरेच जण दोन्ही करत राहिले.

तिसरी गोष्ट, आमच्या हातात कागद काहीच नसतो. मुख्य परीक्षेपर्यंत पोचलेल्या मुलाला राज्यघटना कळते, पंचायत राजची रचना कळते, अर्थसंकल्प वाचता येतो, महाराष्ट्राचा भूगोल तालुक्यागणिक तोंडपाठ असतो, मराठीत आणि इंग्रजीत नेटका निबंध आणि सारांश लिहिता येतो. एका खाजगी कंपनीत मी मुलाखतीला गेले होते. समोरच्या बाईंनी माझा अर्ज दोनदा उलटून पाहिला आणि विचारलं, ‘मधली वर्षं काय केलं?’ मी सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘म्हणजे काहीच नाही ना?’ त्यांचा स्वर वाईट नव्हता. त्यांच्या फॉर्ममध्ये त्याला खरंच कुठलाच रकाना नव्हता.

केंद्रीय लोकसेवा आयोगाने यावर उपाय काढलेला आहे. मुलाखतीपर्यंत जाऊन निवड न झालेल्या उमेदवारांची माहिती, त्यांच्या संमतीने, ते नोकरी देणाऱ्यांना उपलब्ध करून देतात. २०१८ पासून ही व्यवस्था आहे, २०२५ मध्ये तिला ‘प्रतिभा सेतु’ असं नाव मिळालं. दिल्लीच्या परीक्षेत मुलाखतीत राहिलेल्याला नोकरी देणारे शोधत येऊ शकतात आणि आमच्या मुलांनी मुख्य परीक्षेची गुणपत्रिका संगणकावरून छापून पिशवीत ठेवायची, हा फरक मला सहन होत नाही.

चौथी गोष्ट गणिताची आहे. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांहून जास्त. एका जागेमागे दोनशेच्या वर. राज्यसेवा आणि इतर राजपत्रित सेवांच्या संयुक्त पूर्व परीक्षेची २०२४ ची जाहिरात निघाली तेव्हा तिच्यात सगळ्या मिळून २७४ जागा होत्या. म्हणजे जाहिरात काढतानाच सरकारला पक्कं माहीत असतं की अर्ज करणाऱ्यांपैकी जवळजवळ सगळे रिकाम्या हाताने परत जाणार आहेत. निवडलेल्या माणसांसाठी प्रशिक्षण, प्रबोधिनी, परिविक्षा, सगळं आखलेलं असतं आणि ते योग्यच आहे. उरलेल्यांसाठी एक ओळही कुठे लिहिलेली नसते. तलाठी परीक्षेचं शुल्क खुल्या प्रवर्गाला १,००० रुपये आणि मागास प्रवर्गाला ९०० रुपये होतं. त्याला अर्जांच्या संख्येने गुणलं की किती होतात हे कुणीही काढू शकेल. त्या पैशात निवड न होणाऱ्यांचा वाटा सगळ्यात मोठा आहे. त्यातला थोडा भाग त्यांच्यासाठी खर्च व्हावा ही अपेक्षा जास्तीची आहे, असं मला वाटत नाही.

आता मी काय करते ते लिहिते, कारण त्यावरच माझ्या मागण्या उभ्या आहेत.

गावी आल्यावर काही महिने मी घराबाहेर पडत नव्हते. आईने कधी विचारलं नाही. भावजय चांगली आहे, तिने माझ्या ताटात कधी कमी वाढलं नाही. पण जेवताना मला घास गिळवायचा नाही. पाहुणे आले की मी मागच्या खोलीत जाऊन बसायचे. पंचक्रोशीत मी ‘कलेक्टर होणारी’ म्हणून ओळखली जायचे. त्या ओळखीचं काय करायचं ते मला कळत नव्हतं.

आमच्या शेजारी एक आजी आहेत. नवरा वारून चार वर्षं झाली, जमीन अजून त्याच्याच नावावर. पीक विम्याला अडचण, पीक कर्जाला अडचण. मुलगा म्हणाला, ‘तायडे, तू एवढी पुस्तकं वाचलीस, एवढं बघ.’ मी सातबारा आणि आठ-अ काढून आणले. सातबाऱ्यावर मयताच्या नावात एक अक्षर चुकलेलं, मृत्यूच्या दाखल्यावर वेगळं. म्हणून वारसाची नोंद अडत होती. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ आम्ही किती वेळा वाचला असेल! कलम १५५, लेखनप्रमादाची दुरुस्ती. परीक्षेसाठी हे कलम मी एका ओळीत पाठ केलेलं. आता त्याच कलमाखाली तहसीलदारांच्या नावाने अर्ज लिहिला. जुना फेरफार, आधारकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, शपथपत्र, सगळं क्रमाने लावलं. दुरुस्ती झाली. मग वारस नोंदीचा अर्ज, तलाठ्याची नोटीस, हरकतीचे पंधरा दिवस, मंडळ अधिकाऱ्याची सही. सातबाऱ्यावर आजींचं नाव लागलं त्या दिवशी त्यांनी तो कागद मला मोठ्याने वाचायला लावला. दुसऱ्यांदाही वाचायला लावला. स्वतःचं नाव आलं तिथे त्यांनी बोट ठेवलं आणि ते बराच वेळ उचललं नाही.

तिथून लोक यायला लागले. वाटणीच्या अर्जासाठी, बांधाच्या भांडणासाठी, संजय गांधी निराधार योजनेच्या कागदांसाठी. लक्ष्मी मुक्ती योजनेखाली नवऱ्याच्या हयातीतच सातबाऱ्यावर नाव लावून घेता येतं, हे आमच्या गावातल्या बहुतेक बायकांना माहीतच नव्हतं. आता त्या नवऱ्याला सोबत घेऊनच येतात. आज मी तालुक्याच्या ठिकाणी एका वकिलांकडे महसुली अर्ज आणि दावे लिहून देण्याचं काम करते आणि तीन वर्षांच्या विधी पदवीला प्रवेश घेतलाय. त्या अभ्यासक्रमाला वयाची वरची अट नाही. ज्या दिवशी हे कळलं त्या रात्री मी खूप दिवसांनी गाढ झोपले.

हे मला कुणी सुचवलं नाही. शेजारच्या आजींचा सातबारा चुकला नसता तर मी अजून मागच्या खोलीत असते. माझ्यासारखी माणसं प्रत्येक तालुक्यात आहेत आणि त्यांच्या शेजारी प्रत्येक वेळी अशी आजी असेलच असं नाही. खोलीतली माझी एक जुनी मैत्रीण लातूर जिल्ह्यात आहे. अर्थशास्त्र इतकं सुंदर समजावून सांगायची की क्लासच्या सरांपेक्षा आम्हाला तिचं पटकन कळायचं. ती आज घरात बसून आहे, फोन उचलत नाही.

हा विषय जिवाशी आहे. परीक्षा पास होऊनही मुलाखत रखडलेल्या एका तरुणाने २०२१ मध्ये पुण्यात आयुष्य संपवलं. तेव्हा विधिमंडळातही त्याची चर्चा झाली. त्याचं नाव मी इथे घेत नाही, त्याच्या आईवडिलांच्या दुःखाचा आधार घेऊन मला काही मागायचं नाही. एवढंच म्हणते की वाट पाहणाऱ्याची अवस्था तेव्हा सगळ्या राज्याला कळली होती, आणि वाट संपलेल्याची अवस्था अजूनही कुणी विचारलेली नाही. केंद्राची टेलि-मानस ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा आहे, मराठीतही बोलता येतं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी तो क्रमांक इथे मुद्दाम दिलाय. पण फोनवरच्या अनोळखी माणसाला ‘मी एज बार झालोय’ म्हणजे काय, हे पहिल्यापासून समजावून सांगावं लागतं. समोर बसलेला, या परीक्षांची रीत माहीत असलेला समुपदेशक वेगळा.

तर माझ्या मागण्या अशा :

१. वर्षाचं वेळापत्रक जाहीर झालं की ते पाळलं जावं. शासनाच्या किंवा आयोगाच्या बाजूने परीक्षा पुढे गेली, तर जितके महिने ती गेली तितकी वयाची सवलत आपोआप मिळावी. त्यासाठी मुलांना दर वेळी रस्त्यावर बसावं लागू नये. आणि आयोगाच्या परीक्षेची तारीख ठरवताना त्या दिवशी बँकांची किंवा इतर मोठी परीक्षा नाही ना, एवढं आधी पाहिलं जावं.

२. युवा कार्य प्रशिक्षण योजनेत, किंवा तिच्या धर्तीवर नव्या योजनेत, शासकीय भरतीची परीक्षा दिल्याचा पुरावा असणाऱ्यांना ४५ वर्षांपर्यंत प्रवेश द्यावा. पुरावा म्हणून प्रवेशपत्र आणि निकाल पुरे आहेत, ते शासनाकडेच आहेत.

३. ‘प्रतिभा सेतु’सारखी व्यवस्था राज्याने उभी करावी. ती मुलाखतीपर्यंत पोचलेल्यांपुरती ठेवू नये, मुख्य परीक्षा दिलेल्यांनाही त्यात घ्यावं. सहकारी बँका, शेतकरी उत्पादक कंपन्या, साखर कारखाने, सामाजिक संस्था, शाळा, वकिलांची कार्यालयं, या सगळ्यांना लिहिता-वाचता, कायदा समजणारी माणसं हवी असतात. माहिती उमेदवाराच्या संमतीनेच दिली जावी.

४. प्रत्येक जिल्ह्यात कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र आहेच. तिथे स्पर्धा परीक्षेतून बाहेर पडणाऱ्यांसाठी एक खिडकी असावी, आणि त्या खिडकीत शक्यतो अशाच वाटेने गेलेला माणूस बसावा. विधी पदवी, बी.एड., ग्रंथालयशास्त्र, पत्रकारिता, सहकार व्यवस्थापनाची पदविका, कुठे वयाची अट आहे, कुठे नाही, शुल्क किती, ही माहिती आज एका ठिकाणी मिळत नाही. मला शोधायला किती वेळ गेला ते माझं मला माहीत.

५. बार्टी, सारथी, महाज्योती या वेगवेगळ्या समाजघटकांसाठीच्या शासकीय संस्था तयारीसाठी मुलांना मदत करतात, त्यामुळे गरीब घरातली कितीतरी मुलं इथवर पोचली. त्यांनी आपल्याच जुन्या विद्यार्थ्यांसाठी, निवड न झालेल्यांसाठी, दुसऱ्या शिक्षणाची शिष्यवृत्ती सुरू करावी.

६. पुणे, छत्रपती संभाजीनगर, नागपूर आणि लातूर या चार ठिकाणी तरी अभ्यासिकांच्या भागातच मोफत समुपदेशन केंद्र असावं. संध्याकाळी, मेस सुटल्यावर, तिथे चालत जाता आलं पाहिजे.

७. या सगळ्याचा खर्च परीक्षा शुल्कातून जमणाऱ्या रकमेचा ठरावीक भाग बाजूला ठेवून व्हावा आणि त्याचा हिशोब दरवर्षी जाहीर व्हावा.

एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर माझ्या मागण्यांचा उलटा अर्थ लावला जाईल. कायम पदं कंत्राटी करून आम्हाला तिथे बसवा, असं मी म्हणत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये बाहेरच्या संस्थांमार्फत कंत्राटी मनुष्यबळ घेण्याचा शासन निर्णय निघाला होता, विरोध झाल्यावर ऑक्टोबरमध्ये तो रद्द झाला. तो रद्द झाला हे बरं झालं. रिक्त जागा आयोगाकडे वेळेवर कळवा, भरती वेळेवर करा, ही आमच्या मागच्या मुलांची मागणी माझीही आहे. माझ्या मागण्या त्यांच्यासाठी आहेत जे भरती वेळेवर होऊनही राहतील. ते राहणारच आहेत, दोनशेत एकाचीच निवड या हिशोबाने.

परीक्षार्थी मित्रमैत्रिणींनो, तुम्हीही हे वाचत असाल म्हणून दोन ओळी. निवेदनावर सही केली नाही म्हणून रागावू नका. सवलत मागायचा तुमचा हक्क आहे, मागा. पण त्याच कागदावर या सात मागण्याही घ्या. मग मी सही करीन, आणि परभणी-हिंगोलीतल्या माझ्या ओळखीच्या माजी परीक्षार्थींच्या सह्याही गोळा करून देईन. ज्यांचं वय संपलंय आणि जे कुणाशी बोलत नाहीत, त्यांना कुणीतरी एक फोन करा. त्यांनी उचलला नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करा.

महोदय, मोठमोठ्या सभागृहांत उत्तीर्णांचे सत्कार होतात, आपणही त्यांना उपस्थित राहता, ते जरूर व्हावेत. आपल्याकडे माझी विनंती एवढीच आहे की सामान्य प्रशासन विभाग आणि कौशल्य विभाग यांची एक संयुक्त बैठक घ्यावी, तिला निवड न झालेल्या चार-पाच परीक्षार्थींना बोलवावं, आणि वरच्या मागण्यांपैकी कुठली मान्य, कुठली अमान्य आणि का, हे लेखी कळवावं. ३५ आणि ३८ मधला घोळ सोडवायला तर बैठकीचीही गरज नाही. एका शुद्धिपत्रकाने ते काम होईल.

हे पत्र मी टपालानेही पाठवत आहे. उत्तर आलं तर ते शब्दशः असंच जाहीर करीन. पुढच्या अधिवेशनापर्यंत आलं नाही, तर आमच्या भागातल्या आमदारांना भेटून हेच मुद्दे सभागृहात मांडण्याची विनंती करणार आहे. त्याचा मसुदा तयार आहे.

आपली विश्वासू,
एक माजी परीक्षार्थी
ता. जिंतूर, जि. परभणी